टाइलच्या खाली काय आहे?

घरात टाइल्स बसवायच्या ठरल्या की आपली पहिली फेरी दुकानाकडे होते. रंग, डिझाइन, चकाकी आणि भाव यांवर घरात आठवडाभर चर्चा चालते. टाइल ज्या जमिनीवर बसणार, तिच्याकडे मात्र कोणी वाकून बघत नाही. आम्हीही बघितलं नव्हतं. पुलगावच्या आमच्या घरातली पुढची खोली चार वर्षांपूर्वी अशीच झाली. जुना कोबा वाकडातिकडा होता. मिस्त्री म्हणाला, "मालात दबून जाईल." कुठे अर्धा इंच, कुठे दोन इंच माल घालून चार दिवसांत खोली चकाचक झाली. दीड वर्षात दारातल्या दोन टाइल्सना तडे गेले, खिडकीखालची एक उचकटली आणि उरलेल्यांपैकी निम्म्या बोटाने ठोकल्या की डब्यासारख्या वाजू लागल्या. जाड माल जास्त आकसतो, पातळ माल कमी. एकाच टाइलखाली दोन्ही असले की ती कुठेतरी सुटणारच. हे आम्हाला नंतर कळलं.

या वेळी पाळी मागच्या खोलीची होती, म्हणजे अम्मीच्या खोलीची. तिथला कोबा अब्बांनी स्वतः उभं राहून टाकून घेतलेला. अब्बा इथल्या कापूस गिरणीत होते. बोनसचे पैसे आले की घराचं एकेक काम निघायचं. अर्धी खोली एका वर्षी झाली, उरलेली पुढच्या वर्षी, आणि न्हाणीला लागून असलेला पट्टा त्याच्याही नंतर. त्यामुळे खोलीच्या मधोमध, जिथे दोन वर्षांचा माल भेटला, तिथे एक उंचवटा राहिला होता. मागच्या भिंतीकडे जमीन खचली होती. अम्मी जानमाज नेहमी एकाच जागी अंथरायची, कारण खोलीत तेवढीच जागा सपाट होती.

गेल्या हिवाळ्यात फजरला उठलेली अम्मी अंधारात त्या उंचवट्याला ठेचकाळली आणि पलंगाच्या कडेवर आदळली. हाड मोडलं नाही, पण महिनाभर मनगट सुजलेलं होतं. त्यानंतर ती वुजूला एकटी उठेना. कोणीतरी दिवा लावून येईपर्यंत पलंगावर बसून राहायची. तेव्हाच आम्ही ठरवलं की रमजानच्या आधी ही खोली करायची. ईदला धाकटा भाऊ नागपूरहून मुलाबाळांसह येणार होता. दुकानात दोन बाय चार फुटांच्या चकचकीत टाइल्स पसंतही करून आलो होतो.

मग ओळखीतले एक वयस्कर मिस्त्री चाचा खोली बघायला आले. त्यांनी भाव सांगितला नाही. त्यांनी बादलीभर पाणी मागितलं.

आधी मोजमाप

चाचांनी पिशवीतून पारदर्शक लेव्हल पाइप काढला, त्यात पाणी भरलं आणि आत बुडबुडा राहिला नाही ना, हे उजेडात धरून पाहिलं. पाइपच्या दोन्ही टोकांतलं पाणी नेहमी एकाच पातळीवर राहतं. त्याच्या आधाराने त्यांनी चारही भिंतींवर पेन्सिलने एकाच पातळीच्या खुणा केल्या आणि त्या सुताने जोडल्या. मग खोलीत दर दोन फुटांवर त्या रेषेपासून खाली टेप लावून आकडे जमिनीवरच खडूने लिहिले.

दाराजवळ १०० सेंटीमीटर. मधल्या उंचवट्यावर ९८.६. मागच्या भिंतीशी १०२.१. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत साडेतीन सेंटीमीटरचा फरक! रोज त्या जमिनीवर चालून आम्हाला तो एवढा असेल असं वाटलं नव्हतं.

नंतर त्यांनी सहा फुटी अॅल्युमिनियमची सरळ पट्टी जमिनीवर आडवी, उभी आणि तिरपी फिरवली. पट्टीखाली जिथे फट दिसली तिथे खडूने गोल केला. इथे त्यांनी एक गोष्ट समजावली, ती प्रत्येक घराने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पातळीत असणं वेगळं आणि सपाट असणं वेगळं. न्हाणीघराची जमीन उतरती असते, पण ती सपाट हवी. टाइलला मुख्य गरज सपाटपणाची असते. अॅडेसिव्हवर टाइल बसवायची तर सहा फुटी पट्टीखाली एका सुताहून जास्त फट नको. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण तीन मिलीमीटर. टाइल जितकी मोठी, तितकं हे माप कडक. लहान टाइल थोड्याफार चढउताराशी जुळवून घेते. मोठी टाइल सरळच राहते आणि तिच्या खाली पोकळी उरते.

भेग काय सांगते

मोजमाप झाल्यावर चाचांनी लोखंडी हातोडीने जमीन ठोकत खोलीभर फेरी मारली. बहुतेक ठिकाणी ठणठणीत आवाज आला. न्हाणीच्या बाजूच्या पट्ट्यात ढब-ढब आला. तिथेच भिंतीला समांतर एक लांब भेग होती. चाचांनी विचारलं, "ही उन्हाळ्यात रुंदावते का?" अम्मी म्हणाली, "मे महिन्यात हिच्यात रुपया उभा राहतो. श्रावणात नखही जात नाही."

चाचांना हवं ते उत्तर मिळालं. आपल्याकडची माती काळी, कापसाची. बेसाल्ट खडक झिजून ही माती झाली. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. शेतात उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात, तोच प्रकार घराच्या जमिनीखालीही चालतो. अशा मातीच्या भरावावर थेट कोबा टाकला तर तो वर्षातून दोनदा हलतो. हलत्या भेगेवर कोणतीही टाइल टिकत नाही. भेग टाइलमधून पुन्हा वर येते.

वर्षानुवर्षं तशीच असलेली, दोन्ही कडा एकाच उंचीवर असलेली केसासारखी भेग मात्र घाबरण्याची नसते. ती कोबा वाळताना पडलेली असते. आपल्या घरातली भेग कोणत्या जातीची, हे समजत नसेल तर तिच्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ पट्टा आडवा ओढावा आणि तारीख लिहून ठेवावी. ऋतू पालटल्यावर पट्टा तुटला असेल तर भेग जिवंत आहे.

ओल कुठून येते

त्या रात्री चाचांच्या सांगण्यावरून आम्ही दोन-दोन फुटांचे प्लास्टिकचे तुकडे खोलीत तीन ठिकाणी ठेवले आणि चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या. चोवीस तासांनी दोन तुकडे कोरडे निघाले. न्हाणीजवळच्या तुकड्याखाली पाण्याचे थेंब जमले होते आणि कोबा काळपट झाला होता.

न्हाणीच्या मोरीचा सांधा गळत होता. कित्येक वर्षं तेच पाणी खोलीच्या त्या पट्ट्याखाली मुरत होतं आणि काळ्या मातीला फुगवत होतं. टाइल्स बसवल्या असत्या तर ही ओल झाकली गेली असती, थांबली नसती. वर्ष-दोन वर्षांत सांध्यांतून पांढरा खार फुटून बाहेर आला असता. म्हणून पहिलं काम प्लंबरचं निघालं. मोरीचा पाइप बदलला.

फोडायचं किती

आता अम्मीचा प्रश्न आला. ती दारात उभी राहून म्हणाली, "सगळं फोडणार आहात का? ही जमीन तुमच्या अब्बांची आहे." आम्ही गप्प झालो. खरं तर आमच्याही मनात सगळं फोडून मोकळं व्हावं असंच होतं.

चाचांनी छन्नीने मधल्या भागातला एक छोटा तुकडा काढून तिच्या हातात दिला. आत गिट्टी घट्ट बसलेली, सिमेंटचा रंग एकसारखा. ते म्हणाले, "भाभी, हा माल आज कोणी एवढ्या मेहनतीने कुटत नाही. याला मी हात लावणार नाही. फक्त मागचा पट्टा काढतो, त्याच्या खालची माती नासली आहे." अम्मीने तो तुकडा हातात फिरवून पाहिला आणि खिडकीत ठेवला.

घट्ट, ठणठणीत वाजणारा जुना कोबा हा उत्तम पाया असतो, तो फोडणं म्हणजे पैसा वाया घालवणं. पोकळ वाजणारा, खचलेला आणि हलत्या भेगांचा भाग मात्र काढलाच पाहिजे. आमच्याकडे अडीच फूट रुंदीचा पट्टा काढला. त्याखालची ओली काळी माती दीड फूट खोल उपसली आणि मुरूम भरला. भराव एकदम नाही केला. सहा-सहा इंचांचा थर, त्यावर पाणी आणि धुम्मसाने ठोकणं, मग पुढचा थर. त्यावर चार इंचांचा नवा कोबा, बाजूच्या जुन्या कोब्याच्या उंचीपर्यंत.

मधला उंचवटा छन्नीने सेंटीमीटरभर उतरवला. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी उंच भाग उतरवावा, मग खोलगट भाग भरावा. उलटं केलं तर एका उंचवट्यासाठी सगळी खोली वर उचलावी लागते आणि माल दुपटीने लागतो.

उरलेला कोबा घोटून गुळगुळीत केलेला होता. अब्बांच्या काळात तीच शान होती. पण गुळगुळीत पृष्ठभागाला नवा माल धरत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. जमिनीवर पाण्याचे थेंब टाकावे. मोत्यासारखे वर राहिले तर तिथे तेल, रंग, मेण किंवा सिमेंटची घट्ट साय आहे. शोषले गेले तर ठीक. आमच्याकडे थेंब वरच राहिले. म्हणून सगळीकडे जवळजवळ टाचे मारले, झाडलं, ब्रशने घासून धुतलं. धूळ राहिली तर सगळी मेहनत धुळीवर चिकटते.

भर कशी घालावी

खोलगटपणा किती, यावर भर कशाची हे ठरतं. तीन ते दहा मिलीमीटरचे उथळ खळगे असतील तर तयार सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड मिळतं. ते पातळ कालवून ओतलं की स्वतः पसरतं. आधी प्रायमर लावावा आणि किती जाडीपर्यंत चालतं ते गोणीवर वाचावं. त्याहून जास्त भर असेल तर सिमेंट-रेतीचा थरच स्वस्त आणि मजबूत. टाइलच्या अॅडेसिव्हने खळगे भरू नयेत. ते चिकटवण्यासाठी आहे, भरावासाठी नाही.

आम्हाला सरासरी एक इंचाचा थर लागणार होता. प्रमाण एकाला चार. हिशेब असा: १२० चौरस फूट खोली, एक इंच जाडी, म्हणजे १० घनफूट ओला माल. ओला माल बसतो, म्हणून कोरडा सुमारे सव्वातेरा घनफूट धरावा लागतो. त्यात साधारण सव्वादोन गोण्या सिमेंट आणि अकरा घनफूट रेती. हा हिशेब घरच्यांना येत असेल तर मालात कोणी हात मारत नाही.

रेतीची परीक्षा अम्मीने केली. काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत रेती घेऊन त्यात मिठाचं पाणी घातलं, जोरात हलवलं आणि तीन तास ठेवून दिली. रेती खाली बसते आणि तिच्यावर गाळाचा थर जमतो. तो गाळ रेतीच्या आठ टक्क्यांहून जास्त नको. आमचा पहिला ढीग यात नापास झाला. तो अंगणातल्या खड्ड्यात गेला.

आदल्या रात्री जुना कोबा भिजवून ठेवला. सकाळी साचलेलं पाणी पुसून काढलं, सिमेंटचा घोळ ब्रशने घासून लावला आणि तो ओला असतानाच त्यावर माल टाकला. घोळ वाळला की तो गोंद राहत नाही, उलट दोन थरांत पडदा होतो. भिंतीवरच्या रेषेपासून मोजून आधी मालाचे ठिय्ये केले, ठिय्यांना जोडणाऱ्या पट्ट्या ओढल्या आणि मधली जागा भरून सरळ पट्टीने तासली. वरचा भाग लाकडी थापीने खरबरीत ठेवला.

दाराचं काम त्याआधीच उरकलं होतं. नवा थर, अॅडेसिव्ह आणि टाइल मिळून दारापाशी जमीन जवळपास दीड इंच वर येणार होती आणि दाराखाली फट होती अर्धा इंच. सुताराला बोलावून दार सव्वा इंच कापून घेतलं. हे आधी सुचलं नाही तर टाइल बसल्यावर दार उघडत नाही.

न्हाणीघराचा उतारही याच टप्प्यावर काढला. दर मीटरला एक सेंटीमीटर, मोरीच्या दिशेने, आणि न्हाणीची जमीन खोलीहून इंचभर खाली. वॉटरप्रूफिंगनंतर मोरी बंद करून पाणी भरलं आणि दोन दिवस ठेवून पाहिलं. उतार टाइलखालच्या मालात काढण्याची घाई करू नये. तो पायाभूत थरातच असावा.

पाणी आणि दिवस

थर पडला त्या दिवशी पहिला रोजा होता. चाचा आणि त्यांचा मदतनीस दोघंही रोज्याने. म्हणून काम सहरीनंतर उजाडताच सुरू करून जोहरपर्यंत संपवलं. त्यात सोय अशीही होती की आपल्याकडे मार्चची दुपार मालाला सोसत नाही. गरम वारा वरचं पाणी ओढून घेतो आणि थर कच्चाच वाळतो, त्यावर जाळीसारख्या भेगा पडतात. खिडक्या बंद ठेवल्या. दुसऱ्या दिवशी बारदान अंथरून ते सतत ओलं ठेवायचं ठरलं. कमीत कमी सात दिवस.

ही जबाबदारी अम्मीने मागून घेतली. सहरीनंतर एकदा, जोहरनंतर एकदा, इफ्तारीच्या आधी एकदा. बारदान कुठे सुकलंय ते ती पायाने चाचपून बघायची. आमच्यापैकी कोणी विसरलं असतं, ती एकदाही विसरली नाही.

सात दिवसांनी चाचांना आम्हीच घाई केली. "आता बसवून टाका, ईद आली." ते म्हणाले, "पाणी पाजून झालं, आता वाळू द्या. सिमेंट महिनाभर आकसतं. त्याचं आकसणं टाइलच्या आधी होऊ द्या." अठ्ठावीस दिवस मोजले तर ते ईदच्या दोन दिवस आधी भरत होते. त्यांनी ईदनंतरची तारीख दिली.

घरात नाराजी झाली. धाकट्या भावाचा फोन आला, "पाहुण्यांना काय उघड्या सिमेंटवर बसवणार?" आम्ही पुन्हा डगमगलो. त्या रात्री पुढच्या खोलीत तराबीहला उभे असताना पायाखाली तीच डब्यासारखी टाइल वाजली. नंतर कोणी घाईचं नाव काढलं नाही.

ईद तशीच झाली. अम्मीच्या खोलीत राखाडी जमिनीवर सतरंजी टाकली, शीरखुर्मा तिथेच वाढला. मुलं त्या सपाट जमिनीवर गोट्या खेळली आणि गोटी कुठे पळत नाही म्हणून त्यांना नवल वाटलं.

ईदनंतर

टाइल बसवण्याआधी चाचांनी पट्टी पुन्हा फिरवली, जमीन पुन्हा ठोकली, प्लास्टिकचा तुकडा पुन्हा चोवीस तास ठेवला. तिन्हींत पास झाल्यावरच गोणी फोडली. अॅडेसिव्ह घेताना गोणीवर आय.एस. १५४७७ हा भारतीय मानकाचा क्रमांक बघावा. दातेरी थापीने ते एकसारखं पसरावं. टाइलच्या पाठीला पाच गोळे लावून ती दाबण्याची पद्धत मुळीच चालू देऊ नये, गोळ्यांच्या मधली जागा पोकळच राहते. पहिल्या चार-पाच टाइल्सपैकी एक लगेच उचलून बघावी, पाठ सगळीकडे भरलेली हवी. भिंतीशी दोन सूत जागा मोकळी सोडावी, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. उन्हाळ्यात जमिनीला पसरायला तेवढी जागा लागते.

दोन बाय चारच्या चकचकीत टाइल्स आम्ही घेतल्या नाहीत. खालच्या कामात पैसे गेले होते, त्यामुळे टाइल साधी घेतली. एक बाय एक फुटाची, मॅट, पाय न घसरणारी. ओल्या पायांनी वुजू करून येणाऱ्या माणसाला चकाकीचा उपयोगही नसतो.

एक व्यवहाराची गोष्टही सांगतो. मिस्त्रीशी बोलताना टाइल बसवण्याचा दर आणि खालच्या जमिनीच्या कामाची मजुरी वेगवेगळी ठरवावी आणि कागदावर लिहावी. सगळं एकाच दरात धरलं की खालचं काम उरकलं जातं, कारण त्याचे पैसे कोणी वेगळे देत नाही. चाचांना आम्ही मोजमापाच्या दिवसाचीही मजुरी दिली. त्यांनी आधी नको म्हटलं. पण आमचे सगळ्यात जास्त पैसे त्या दिवसाने वाचवले होते.

पुढच्या खोलीचं काम आता दिवाळीनंतर काढणार आहोत. अम्मीच्या खोलीत अब्बांचा कोबा खालीच आहे, फक्त मागचा पट्टा नवा. काढलेला तो तुकडा अजून खिडकीत आहे. जानमाज ती आता कुठेही अंथरते आणि फजरला दिव्याची वाट बघत बसत नाही.

तुमच्या घरी टाइल्सचं काम निघालं असेल तर दुकानात जाण्याआधी एक सरळ पट्टी, लेव्हल पाइप आणि प्लास्टिकचा तुकडा एवढं घेऊन खोलीत एकदा बसा. काय निघालं ते आम्हाला जरूर कळवा.